तेल्या कामी आला

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आणि म्हणे मी एका जागी टिकत नाही! अगं, गोदामातला मुकादमच तसा होता, हे किती वेळा लिहिलं, तरी तू आपली तेच धरून बसलीस. इथे पुस्तकबांधणीत मी चांगला रुळलोय. छापून आलेले फर्मे घड्या घालून एकावर एक लावायचे, शिवायचे, कडा कापायच्या. बोटांना डिंक, केसांना डिंक. भिंगरी चिकटली असं समज.

तू विचारलं होतंस, ‘दूरयान’ पुस्तकमालिकेच्या नव्या उपकथेत तेल्याचं काय होतं? वाचनालयातली तुझी पोरं त्याच्यावर जीव टाकतात म्हणतेस. मग ऐक, पुस्तक तुमच्याकडे पोचायच्या आधी माझ्या हातून गेलंय. सगळं वाचलं. मूळ मालिकेत तेल्याला कोण विचारतं? इंजिनखोलीत तेल घालायचं नि कप्तानाच्या शिव्या खायच्या. तू काही कामाचा नाहीस, हे कप्तानाचं पालुपद तर आपल्या अण्णांकडून उसनं आणल्यासारखं. पण या पुस्तकात शेवटी तेल्या कामी आला, ताई! तसंच छापलंय. सगळे उभे राहतात, कप्तान टोपी काढतो. मी एकटाच हसत बसलो होतो. पोरांना खुशाल सांग, काळजी करू नका म्हणावं.

तुझी लाडकी नकाशेवालीही आहे. तुझ्यासारखीच, जगाला रस्ते सांगते नि स्वतः चुकते.

आईअण्णांना नमस्कार. आधी राग आवर, मग लोभ ठेव.

तुझा,
भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

पुस्तकांचा गठ्ठा रविवारी वाचनाच्या तासालाच येऊन पडला. चाळायलाही सवड मिळाली नाही. पोरांचा एकच धोशा, तेल्या मरणार नाही ना? तुझ्या भरवशावर मी शब्द देऊन बसले. मग शेवटचं पान आलं. ‘तेल्या इंजिनखोलीत कामी आला’ हे मी मोठ्याने वाचलं. अरे, लढाईत कामी येणं म्हणजे मरणं. टोपी काढली ती त्यासाठी.

पोरं रडली, त्याचं काही नाही. पुस्तकात माणसं मरतात. पण पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की तुम्ही खोटं बोललात. ग्रंथपालबाईंनी बजावलंय की येत्या नाही, तर त्यापुढच्या रविवारी पोरांना काय ते नीट सांगा, नाहीतर तास बंद. किती हातापाया पडून मिळवलाय तो तास, ते तुला माहीत आहे.

काय सांगू? माझा भाऊ खोटं बोलला, की माझ्या भावाला वाचता येत नाही? तूच कळव.

मी रागावलेले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच घे, तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही.

तुझं पत्र वाचायला जेवणाची सुट्टी पुरली नाही. ओळीखाली बोट ठेवून वाचतो मी, अजूनही. सगळं पुस्तक वाचलं ही थाप होती. शेवटचा फर्मा तेवढा माझ्या टेबलावर होता. अक्षरं लागतात मला, पण अर्थ अंदाजाने लावतो. ज्याला कोणी मोजत नव्हतं तो उपयोगी पडला, एवढंच मला दिसलं. ते इतकं गोड लागलं की दुसरा काही अर्थ असेल हे मनातही आलं नाही. पुढे नकाशेवाली त्याची तेलाची बुधली मांडीवर घेऊन बसते. मला वाटलं, आता तीही तेल घालायला शिकणार.

वर इथे कारखानाभर सांगत सुटलो होतो. शिलाईवाल्या मावशी तेव्हा काही बोलल्या नाहीत. काल त्यांना विचारलं, का नाही सांगितलंत? म्हणाल्या की तू एवढा खुशीत होतास, माझी जीभ रेटली नाही. ताई, कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कान असे तापले की पिशवी भरून नेहमीसारखा चालू लागलो. फाटकापर्यंत गेलो. पण तुला उत्तर द्यायचं होतं, नि दुसऱ्या गावीही मला एवढंच वाचता येणार.

तर पोरांना सांग, माझ्या भावाला धड वाचता येत नाही. खोटारडा म्हणालीस तर मला सोपं जाईल, त्याची सवय आहे. हे म्हणवून घ्यायची नाही. पण तू हेच सांग, आणि त्या मुलीकडे बघून सांग. तिची वाचनाची ताई खोटं बोलली नाही, हे तिला कळायला हवं.

जमेल तेव्हा, जमेल तेवढा लोभ असू दे.

तुझा,
भिंगरी

ता. क. मावशींचे यजमान संध्याकाळी मोठ्या माणसांना लिहायवाचायला शिकवतात. फी आधी भरावी लागते, भरली. आई विचारेल की दरमहाच्या दोन हजारांतले तीनशे गेले कुठे, तिलाही खरं तेच सांग. अण्णांनी ऐकलं तरी चालेल. या महिन्याला पाठवतोय सतराशे.