चोथ्याचं पाणी आणि सायलसचं लग्न

पोर्ट व्हिला, मंगळवार

तीर्थरूप मामांस,

एनॉसचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. आमच्या सायलसचं लग्न ठरल्याप्रमाणे शनिवारी झालं. तुम्हाला बोट लागते म्हणून तुम्ही आला नाहीत, ते एका परीनं बरंच झालं.

इथले अकरा कावाखाने कावाची मुळं कुटून, पिळून ते गुंगीचं पाणी लोकांना पाजतात, आणि उरलेला चोथा मी गोळा करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. (हाना याला धंदा म्हणत नाही, घाण म्हणते. पण बायकोचं मत असतंच.) ओला चोथा दोन दिवसांत आंबतो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. म्हणून मी स्क्रू प्रेस आणला. जाळीच्या नळकांड्यात मांडीएवढं मळसूत्र फिरतं आणि चोथा पिळत पिळत पुढे रेटतं. तोंडातून कोरडा भुगा पडतो, खालून पाणी गळतं. भुगा लोक याम कंदाच्या मळ्यात खत म्हणून नेतात. वास गेला, हाना जेवताना पुन्हा माझ्याशी बोलू लागली. पाण्याचं काय करायचं ते मात्र विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. घरामागे चर खणून सोडून दिलं.

लग्नाआधी अंगण मोकळं हवं म्हणून शुक्रवारी मी चौदा पोती पिळली. मुलीकडे द्यायची पाच डुकरं घरामागे त्या चराशीच बांधली होती. आता, कावाखान्यात माणूस हातानं पिळतो, तेव्हा कावाचा बराचसा कस चोथ्यातच राहतो. यंत्र तो सगळा पाण्यात उतरवतं. (हे मला डुकरांकडून कळलं.)

शनिवारी सकाळी पाचही आडवी. पाणी ओतलं, शेपट्या ओढल्या, हानानं कानाशी पातेलं बडवलं. एकानं एक डोळा उघडून तिच्याकडे असं पाहिलं, की तसं पाहायची माझी बावीस वर्षांत हिंमत झालेली नाही. मग तो डोळा मिटला.

मुलीच्या गावी आम्ही ती ट्रकमधून चटयांवर उतरवली. डुक्कर दोरीनं चालवत नेऊन मुलीच्या बापाच्या हाती द्यायचं, ही रीत. मुलीचे वडील काल्पोइ कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

“मेलेली आणलीस?”

“नाही हो, झोपलीत.”

“पाचही?”

“आज जरा लवकर उठवलं त्यांना.”

बायकांचं गाणं थांबलं. काल्पोइ म्हणाले, जे स्वतःच्या पायांवर येत नाही त्याची दोरी मी धरणार नाही. डुकरं उचल आणि पोरालाही घेऊन जा. सायलसनं नवरीकडे, लेइमाराकडे पाहिलं, तर ती रडत होती. मामा, त्या वेळी मला यंत्र, चोथा आणि मी स्वतः, तिन्ही त्या चरात पुरून टाकावंसं वाटलं.

तेवढ्यात काल्पोइंची म्हातारी आई काठी टेकत आली, वाकली, आणि एकेका डुकराचं तोंड हुंगत गेली.

“अरे, कावा प्यायलीत ही!” ती लेकाला म्हणाली. “तुझा बाप आमच्या लग्नात असाच पडला होता. चौघांनी उचलून आणला. मी पाठवला का परत?”

सगळं गाव हसलं. काल्पोइ हसले नाहीत, पण दोऱ्या त्यांनी हातात घेतल्या. लग्न लागलं. दुपारी डुकरं एकेक करून उठली आणि पंगतीत शिरली. सून गुणाची आहे. एकूण सगळं छान पार पडलं.

तुमचा भाचा,
एनॉस

ता. क. : डुकरं उठली असं वर लिहिलंय, ती चार. पाचवं उठलंच नाही, सोमवारी मेलं. काल्पोइ म्हणतात, चारच मिळाली. तर तुमचं ते सात वर्षं हातानं भरवलेलं, सुळे वळून पुरतं कडं झालेलं, सगळ्यांत मोलाचं डुक्कर गुरुवारच्या बोटीनं पाठवावं.

ता. क. २ : तुम्ही हो म्हणालात, असं मी काल्पोइंना कालच सांगून टाकलंय. कुठल्या शब्दांत म्हणालात तेही सांगितलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.