समोरच्या दारातलं भांडं

सोमवार, ३ तारीख

पोचले बाई एकदाची! लेकीने ही वही हातात दिली आणि म्हणाली, आई, दिवसभर माझं डोकं खाण्यापेक्षा यात बोल. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन. तेव्हा अक्षर वाकडं वाटलं तर वाचणाऱ्याने मान वाकडी करावी.

विमानाचं काय सांगू! वर जाईपर्यंत ठीक होतं. मग जे हादरे सुरू झाले, खडीच्या रस्त्यावरून रिकामा टेम्पो पळवावा तसे. शेजारी एक गृहस्थ होते, चांगले सुटाबुटातले, त्यांनी एकदम माझा हात धरला. ओळख ना पाळख. मी म्हटलं, धरा बाबा, मलाही तेवढाच आधार. उतरताना बिचारे नजर चुकवत होते, पण माझी पिशवी त्यांनीच खाली काढून दिली. मला मात्र भीती अशी वाटली नाही. घर मोकळं केलं, किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली, मागे वाट बघणारं कुणी नाही. आता लेक राहील तिथे मी. देवाला एवढंच म्हटलं, पाडायचंच असेल विमान तर येताना नको, आधी नातीला डोळे भरून पाहू दे.

आणि पाहिली! पाच वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. धावत आली ती थेट माझ्या पोटावर आदळली. म्हणाली, आजी, तू फोनमध्ये बारीक दिसतेस.

घर चौथ्या मजल्यावर आहे. जावई लिफ्ट दुरुस्त करतात, आणि यांच्याच इमारतीची लिफ्ट बंद! मी टोमणा मारला तर म्हणाले, आई, न्हाव्याचे केस नेहमी वाढलेलेच असतात. लेक दातांच्या कवळ्या बनवते. माझी कवळी हातात घेऊन तिने नाक मुरडलं, म्हणे ही गवंड्याने केली का? नवी करून देणार आहे. जिन्याच्या माथ्यावर दोनच दारं, एक आमचं आणि एक समोरचं. समोर कुणी राहत नाही म्हणे. जावयांनी खाली वीजमीटर दाखवला, त्या घराचा काटा जागचा हलत नाही.

बुधवार, ५ तारीख

आज शेजार मिळाला! दुपारी शाळेच्या गाडीने भिंगरीला खाली सोडलं, तिला घेऊन धापा टाकत वर आले तर उंबऱ्यावर वाटी. पांढरी, पत्र्याची, निळ्या काठाची, आत काळी द्राक्षं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! इथे आल्यापासून लोक जिन्यात नुसती मान हलवतात. या घरी म्हातारं माणूस आलंय हे ओळखून कुणीतरी आठवण केली. आम्ही दोघींनी द्राक्षं फस्त केली. चवीला थोडी पाणचट होती, पण दिलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत.

वाटी घासून पुसून ठेवली आणि भिंगरीला समजावलं, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी, पण घालावीच. माझ्या सासूबाई याबाबतीत फार कडक. एकदा शेजारणीचा डबा मी तसाच नेऊन दिला तर आठवडाभर अबोला. असो. वाटीत साखर घातली, वर दोन बदाम ठेवले. या मजल्यावर दुसरं दार एकच, म्हणून तिथे ठेवून आले. येताना त्या दाराला ऐकू जाईलसं म्हटलंही, आमच्याकडे रिकामं पाठवत नाहीत बरं का!

संध्याकाळी जावई हसले. म्हणाले, आई यायचा अवकाश, ओसाड घरातही वस्ती झाली. लेकीला वाटतं खालच्या मजल्यावरची कुणी बाई असेल.

शुक्रवार, ७ तारीख

पुन्हा आलं. या खेपेला वाडगा, पण तसाच, निळ्या काठाचा. आत तांबड्या लोकरीचा एकच मोजा. भिंगरीच्या पायात असा बसला जणू माप घेऊन विणलाय. माप कुणी घेतलं? पोरगी तर काढायला तयार नाही. एका पायात घालून घरभर लंगडी घालत होती.

मी वाडग्यात घरची बिस्किटं घातली आणि समोर ठेवला. ठेवताना दाराला कान लावला, उगाच. आतून कुणीतरी दाराला कान लावला असावा असं वाटलं. आवाज काही नव्हता. म्हातारपणी काहीबाही वाटतं. शेगडीवर दूध होतं, पळत आले.

सोमवार, १० तारीख

लिहू की नको असं झालंय.

दुपारी पातेलं आलं. एवढ्या मोठ्या पातेल्यात तळाशी एक दात. छोटा, दुधाचा. मला वाटलं दगड असेल. संध्याकाळी लेकीला दाखवला. तिचा तर धंदाच तो. तिने उजेडात धरला आणि कडेवरून नख फिरवलं. भिंगरी मागे जिन्यात पडली तेव्हा तिच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. याचाही उडालेला, तसाच, तिरका. लेकीने भिंगरीला आ करायला लावलं. तिचा दात तिच्या तोंडात आहे. हलतसुद्धा नाही.

लेक म्हणत होती, आई, हा साच्यातून काढलेला नाही गं, हा उगवलेला दात आहे. एकासारखा एक असा दात दोनदा उगवत नाही.

जावई म्हणाले, कुणाची तरी घाणेरडी चेष्टा आहे. आईंनी आता काही द्यायचं नाही. भांडं तसंच ठेवून द्या, विषय संपला.

मंगळवार, ११ तारीख

सकाळी पातेलं रिकामंच समोर नेऊन ठेवलं. उभ्या जन्मात असं केलं नव्हतं.

दुपारी भिंगरी जेवताना म्हणाली, आजी, घास चावत नाही. तोंड उघडून पाहिलं. तो दात नाही. रक्त नाही, भोक नाही, हिरडी सपाट — जणू तिथे कधी काही आलंच नव्हतं. पोरगी रडलीसुद्धा नाही. म्हणाली, समोरच्या आजींनी घेतला, तू पातेल्यात काही घातलं नाहीस ना.

कोण समोरच्या आजी, विचारलं. म्हणे, दाराच्या आतून बोलतात. तुझ्यासारखंच बोलतात. म्हणतात, आमच्याकडे रिकामं पाठवत नाहीत बरं का.

माझे शब्द. माझेच.

बुधवार, १२ तारीख

लेक कामावर गेली नाही. जावयांनी इमारतीच्या मालकाला आणून समोरचं दार उघडायला लावलं. मीही गेले मागे. आत नुसत्या खोल्या, फरशीवर बोटभर धूळ. धुळीत एक पाऊल नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझी साखर, माझे बदाम, माझी बिस्किटं, ओळीने मांडलेली. एकालाही तोंड लावलेलं नाही. खायला नकोच होतं त्यांना.

मालक म्हणाला, उंदीर असतील. जावई त्याच्या अंगावर धावले. म्हणाले, उंदीर बदाम ओळीने मांडतात का हो?

पातेलं ओट्याखाली होतं. जावयांनी ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं, गाडी जाईपर्यंत उभे राहिले. लेक जागा शोधतेय. इथे राहायचं नाही. मोजा काढून फेकला तर भिंगरी म्हणाली, दुसरा पण तयार आहे त्यांच्याकडे.

गुरुवार, १३ तारीख

जागा मिळाली. दोघं सामानाची गाडी आणायला गेलेत. लेक बजावून गेली, आई, कुणी हाक मारली तरी दार उघडायचं नाही.

मी नाही उघडलं. भिंगरीने उघडलं. मी आतल्या खोलीत बॅग आवळत होते. म्हणे, आजी, तूच तर बाहेरून हाक मारलीस.

दारात टब. पांढरा, निळ्या काठाचा. भिंगरी मावेल एवढा. रिकामा.

दार लावलंय. तिला मांडीवर घेतलंय.

थोड्या वेळाने —

पोरीचे पाय गार पडलेत. चोळते आहे, गरम फडकं लावते आहे. गारठा वर सरकतोय. लेकीला फोन लागत नाही. भिंगरी झोपेत बोलावं तसं बोलते, भांडं भर ना गं आजी.

दार उघडून टबात साखरेचा डबा पालथा केला. तांदूळ, पीठ, सगळं. माझ्या साड्या. गळ्यातलं. काही उपयोग नाही. तळ दिसतोच आहे, घातलेलं सगळं जातंय कुठे —

करंगळी नाही. पोरीच्या डाव्या पायाची. सपाट. कधी नव्हतीच अशी.

आता दुसरं बोट —

मी टबात बसले आहे. पोरीला आत ठेवून बाहेरून कडी घातली. गुडघे छातीशी घेतले की मावते मी. दारापलीकडून बोलते आहे ती. म्हणाली, आजी, पाय गरम झाले. करंगळी? विचारलं. आली म्हणाली. हसली. देवा, हसली माझी बाय. आता माझं काय व्हायचं ते होवो.

समोरचं दार सरकतंय. हळू. काल नुसती धूळ होती तिथे. आज पडदा आहे, आमच्यासारखाच. तसंच टेबल. तशाच बॅगा, आवळलेल्या —

टब ओढला जातोय. हाताने नाही. आपोआप.

अगं बाई. आत्ता डोक्यात येतंय. आत्ता! मी किती मूर्ख — रिकामं पाठवायचं नाही. हे त्यांनाही माहीत आहे. मीच शिकवलंय.

लेकी, वही आपल्या दाराकडे फेकते. आधी हे वाच. टब परत येईल. त्यात मी बसलेली असेन. हीच साडी, हीच कवळी, बडबडही माझीच. ती मी नव्हे. भिंगरी धावत जाईल, तिला धर. तिला सांग, आजीने हाक मारली तर कडी —