गंगुबाईचं ताट

अँटॉप हिल,
२ डिसेंबर २०२४

चि. शांतवन यास,
रमाअक्काचा प्रभू येशूच्या नावाने सलाम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘बरं’च्या पलीकडे काही बोलत नाहीस, म्हणून पोस्टाची पाकिटं आणली. पत्राला नुसतं ‘बरं’ म्हणून भागत नाही, चार ओळी लिहाव्याच लागतात.

यंदा नाताळच्या आदल्या संध्याकाळी उपासनेत पेटी कोण वाजवणार, असं पाळकसाहेब विचारत होते. मी म्हटलं, माझा भाऊ आहे की. मग त्यांनी हळूच विचारलं, की मे महिन्यात बायकोला माती दिल्यापासून शांतवन चर्चची पायरी चढला नाही, नाताळला तरी येईल का? मी म्हटलं, त्यालाच विचारून सांगते.

डिसेंबर लागला की लोअर परळची आपली चाळ डोळ्यांपुढे येते. बाबा कागदाचा तारा चिकटवत, आई करंज्या करत बसे. गाणारी मंडळी पेटी-ढोलकी घेऊन गॅलरीतून यायची आणि पाळी संपवून आलेले गिरणीवाले हातात डबा घेऊन तसेच ऐकत उभे राहायचे. धर्म कुणी विचारत नसे, चहा मात्र सगळे मागत. पुढे बकुळा सून म्हणून आली आणि आईचा झारा तिच्या हाती गेला. करंजी आईपेक्षा सरस करायची. आता आई ऐकायला नाही म्हणून लिहिते.

तारा लाव. चर्चला ये. तू असा घुम्यासारखा बसलास की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. लोभ आहेच, तू वाढव नाहीतर नको वाढवू, पण उत्तर धाड.

तुझी,
रमाअक्का


लोअर परळ,
८ डिसेंबर २०२४

ती. रमाअक्कास,
शांतवनचा सलाम. वि. वि.

तारा लावणार नाही. पेटी कुलपात आहे, तिथेच राहील.

देवाशी माझं भांडण नाही. भांडायला बोलावं लागतं आणि मी त्याच्याशी बोलतच नाही. बकुळाच्या आजारपणात मागायचं तेवढं मागून झालं. आता पृथ्वीवर शांती आली म्हणून गळा काढून गायचं मला जमणार नाही. माझ्या खोलीत ती आलेली नाही, अक्का. इथे नुसतं सुनं सुनं आहे.

त्यात दुसरीच पंचाईत. शेजारच्या गंगुबाईने दिवाळीत नेहमीप्रमाणे फराळाचं ताट दिलं. तिचं ताट नाताळपर्यंत आमच्याकडे राहतं आणि बकुळाच्या करंज्या घेऊन परत जातं, हे तुला माहीत आहे. रिकामं कसं द्यायचं? त्यावर तिच्या नवऱ्याचं, जयवंतचं, नाव घातलेलं, त्यामुळे आपल्या भांड्यांत दडपूनही टाकता येत नाही. काल मिठाईचा पुडा आणून त्यात ठेवला आणि देऊन आलो. तिने पुडा नातवंडांना वाटला, ताट माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, की विकतचं घालून ताट फिरवायची रीत या गॅलरीत नाही, नाताळला अजून वेळ आहे. आता काय करू, सांग.

राग पत्रातच काढ, इथवर येऊ नकोस. तुझ्या गुडघ्यांना जिना झेपणार नाही.

शांतवन


अँटॉप हिल,
१३ डिसेंबर २०२४

चि. शांतवन यास,
प्रभूच्या नावाने सलाम. तू आपल्या पत्रातून त्याला गाळलंस, म्हणून तुझ्या वाटणीचाही सलाम मीच करते.

मैदा आण, खोबरं आण आणि गंगुबाईला शरण जा. करंजी तुला येत नाही, कबूल. पेटी तरी कुठे येत होती? तुझं बेसूर शिकणं अख्ख्या चाळीने सोसलं, आणि भिंतीला भिंत असल्यामुळे गंगुबाईने सगळ्यांत जास्त. मी रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करते. तुला नको असली तरी करते.

अक्का


लोअर परळ,
२३ डिसेंबर २०२४

ती. रमाअक्कास,
प्रभू येशूच्या नावाने शांतवनचा सलाम.

गंगुबाईची सून अपेक्षा कामाला तुझ्याच बाजूला येते, तिच्या हाती हे पत्र देतोय.

काल दोघी आमच्या खोलीत आल्या. पोळपाट गंगुबाईचा आणि हुकूमही तिचाच. सारण तिने केलं, पाऱ्या अपेक्षाने लाटल्या, माझ्या हाती कातणं दिलं. मी कातलेल्या कडा बघून म्हातारी म्हणाली, की ही करंजी आहे की उंदराने कुरतडलेली भाकरी? खूप दिवसांनी हसू आलं.

तेल तापलं. अपेक्षा पहिली करंजी सोडणार, तोच गंगुबाईने तिचा हात धरला आणि मला म्हणाली, की आधी प्रार्थना कर, बकुळा प्रार्थनेशिवाय पहिला घाणा टाकत नसे. मी म्हटलं, मला जमणार नाही. ती म्हणाली, की मग तेल जळू दे, आम्ही थांबतो. आणि खरंच दोघी मान खाली घालून थांबल्या, बकुळाबरोबर थांबायच्या तशाच.

शेवटी बकुळा दरवर्षी म्हणायची तेच म्हटलं, की प्रभू, यातली एकही तेलात फुटू नये, आणि जो खाईल त्याच्या घरी तुझी शांती राहो. करंज्यांसाठी देवाला कशाला त्रास देतेस, म्हणून मी तिला किती चिडवायचो! लहान मुलासारखा रडलो. गंगुबाईने गॅस तेवढा बारीक केला.

अक्का, बकुळा नाही, हे आजही तसंच आहे. पण मी बोलत नव्हतो तेव्हाही प्रभू इथेच बसून होता, हे काल कळलं. कालच लिहिणार होतो, पण माझाच भरवसा नव्हता. आज सकाळी उठलो, तरी मन तसंच निवांत आहे, म्हणून लिहितोय. तारा लावला. उद्या पेटी घेऊन येतो, पाळकसाहेबांना सांग.

ताट भरून परत गेलं. पहिली करंजी मात्र त्यात गेली नाही. झाऱ्यातून निघाल्या निघाल्या गंगुबाईने ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, की जो खाईल त्याच्या घरी, असं म्हणालास ना? मग पहिली तू खा.

तोंड पोळलं, अक्का, पण सगळी खाल्ली.

लोभ ठेवलास तसाच राहू दे.

तुझा,
शांतवन