पट्टा जुना आहे, चक्की हळू चालेल

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मेडशीत फोन फक्त पोस्टात होता, आणि तोही बहुतेक वेळा मुकाच असायचा. त्यामुळे माझी तक्रार काय आहे हे सांगण्याआधी वस्तू काय आहे हे सांगायला हवं. आता फोन प्रत्येकाच्या हातात असतो. तळहाताएवढी काच. तिच्यात बोलणाऱ्याचं तोंड दिसतं, गॅसचा नंबर तिच्यातूनच लावायचा, विजेचं बिल तिच्यातूनच भरायचं, पेन्शन जमा झाली की नाही तेही तीच सांगते. ती चालली नाही तर मी वाशीमच्या माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून अडकते. पूर्वी माणसाला कोंडायला खोली लागायची, कडी लागायची. आता काच पुरते.

हा फोन मुलानं दिला. मी तहसीलमधून निवृत्त झाले तेव्हा पुण्याहून घेऊन आला, स्वतः खोका उघडला, म्हणाला, "आई, बाजारातला सगळ्यात चांगला आणलाय, आता तुला दहा वर्षं बघायला नको." मुलाच्या हौसेची वस्तू, तिला नाव ठेवायचं नसतं. म्हणून तो हळू व्हायला लागला तेव्हा मी त्याला हळू म्हटलंच नाही. बटण दाबलं की वाट बघायची. एक अक्षर लिहिलं की ते उमटेपर्यंत पुढचं विसरायचं. पैसे पाठवायला जावं तर मधेच सगळं थिजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मी माझ्या बोटांना दोष दिला. मग चष्मा बदलून आणला. मग डोक्यालाच दोष द्यायला लागले. आयुष्यभर ज्या बाईनं साहेबाच्या टिपणीतल्या चुका काढल्या, ती स्वतःलाच म्हणायला लागली, झालं बाई तुझं आता.

पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं. तेही आता फोनसमोर तोंड धरून होतं. काचेत एक गोल येतो, त्यात चेहरा बसवायचा आणि तो सांगेल तेव्हा डोळे मिचकावायचे. मी खिडकीशी उजेडात बसून मिचकावते. फोन विचार करतो. मी पुन्हा मिचकावते. फोनला माझं पहिलं मिचकावणं आत्ता दिसलेलं असतं, दुसरं त्याच्या हिशेबात नसतं. 'पडताळणी अयशस्वी.' शेजारी लँडलाइनवर मुलगा ओरडतोय, "आई, तो सांगतो तेव्हाच मिचकाव ना!" मी म्हटलं, "तो सांगतो तेव्हाच मिचकावतेय. आता ह्याच्यापुढे फक्त डोळा मारायचा राहिलाय." तो हसला नाही. शेवटी मी बँकेत गेले. तिथल्या माणसानं मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर ठणठणीत आहात, हे घरबसल्या का नाही केलं?"

दिवाळीला मुलगा आणि सून आले आणि फराळाची ताटं उचलल्यावर मला समोर बसवलं. तहसीलमध्ये माणसाला नोटीस द्यायच्या आधी पाणी विचारायचो, तसं आधी पाणी विचारलं. मग मुलगा म्हणाला, "आई, आमच्या मेसेजला तू अर्धा दिवस उत्तर देत नाहीस. बोलतेस तर मधेच गप्प होतेस, नुसती बघत राहतेस. आम्हाला भीती वाटते. तू आता एकटी नको राहूस." मी गप्प होत नव्हते, बाबा, काचेत माझं चित्र थिजत होतं, पण तेव्हा ते मला तरी कुठे ठाऊक होतं! मला वाटलं, होत असेन गप्प. आपलं आपल्याला कसं कळणार? पुण्याला बाराव्या मजल्यावर एक खोली आहे. तिच्या खिडकीला कबुतरांसाठी जाळी मारलेली आहे. सून म्हणाली, रंग काढून घेतो, तुम्हाला कोणता आवडेल. मी म्हटलं, कोणताही. संक्रांतीनंतर घर भाड्यानं द्यायचं ठरलं. अंगणातला कढीपत्ता, दारातली ओळखीची माणसं, माझी खुर्ची, सगळं मी त्या एका 'कोणताही'मध्ये देऊन टाकलं.

आणि मग फोन एका सकाळी अर्ध्या बोलण्यात बंद पडला, म्हणून मी अकोल्याला कंपनीच्या दुकानात गेले. एसटी मेडशीवरूनच जाते. तिथे तुमच्या पिठाच्या चक्कीच्या जागी आता सिमेंटच्या पोत्यांचं गोदाम आहे. मी दर वेळी मान वळवून बघते आणि दर वेळी रागावते, कोणावर ते मला सांगता येणार नाही. दुकानात काचेच्या टेबलामागे एक पोरगी होती, गळ्यात ओळखपत्र, ओठांवर तयार हसू. तिनं आधी मला नवा फोन घ्या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, आधी ह्याला काय झालंय ते सांग. तिनं आत जाऊन, आणखी आत जाऊन, कुठल्या कुठे जाऊन एक ओळ काढून दाखवली. इंग्रजी ओळ. तुम्ही मला अकोल्याच्या कॉन्व्हेंटात घातलं ते फुकट गेलं नाही, मी ती नीट वाचली. बॅटरी जुनी झाली आहे, फोन अचानक बंद पडू नये यासाठी त्याचा वेग मर्यादित करण्यात आला आहे.

"म्हणजे फोन कंपनीनं हळू केला?"

"हळू नाही मॅडम, परफॉर्मन्स मॅनेज केला. तुमच्याच सोयीसाठी."

"माझी सोय मला न विचारता?"

"अपडेट आला तेव्हा तुम्ही 'मान्य आहे' दाबलं असेल ना."

"न दाबता तुझा फोन पुढे सरकतो का?"

"नाही," ती म्हणाली.

"आणि बॅटरी बदलली तर?"

"मग पहिल्यासारखा होईल."

"मग हे लोकांना सांगत का नाही तुम्ही?"

"कोणी विचारतच नाही, मॅडम." आणि मग तिनं मागे बघून घेतलं, साहेब नाही असं पाहून हळूच म्हणाली, "माह्या आईच्या फोनचंबी असंच झालतं, काकू. आमी तिलेच बोलून राह्यलो होतो."

बाबा, कोणी विचारत नाही हे उत्तर मला नवं नाही. आमच्या कचेरीतही नोटीस लावायचे, पण रेकॉर्ड रूमच्या दाराच्या मागे. दार उघडं असलं की नोटीस झाकलेली, आणि दार दिवसभर उघडंच. नोटीस लावली नाही असं कोणी म्हणू शकत नव्हतं, वाचली असंही कोणी म्हणू शकत नव्हतं. एवढी मोठी कंपनी, जगभर पसरलेली, आणि शेवटी अक्कल आमच्या शिरस्तेदाराएवढीच.

परतीच्या एसटीत मला सारखी तुमची पाटी आठवत होती. माझीच शाळेची पाटी, तुम्ही तिच्या चौकटीला तार बांधून चक्कीच्या दाराला अडकवली होतीत. चक्कीच्या दगडांना टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं ते पुन्हा खरबरीत केले, की पहिलं पीठ कचकच लागतं. म्हणून तुम्ही आधी घरची ज्वारी घालायचात, ते पीठ गाईला, आणि पाटीवर लिहायला लावायचात की आज टाकी लावली, दळण उद्या आणा. दुसरे चक्कीवाले पहिल्या गिऱ्हाईकाचंच दळण घालून मोकळे व्हायचे. एका साली तर इंजिनाचा पट्टाच विरला होता. जोडावर जोड मारलेला, पूर्ण वेगानं इंजिन सोडलं तर तुटून कोणाच्या अंगावर आला असता. तुम्ही इंजिन हळू केलं. बाहेर टिनाच्या नळीतून निघणारा तो पुकपुक आवाज असा लांबत जायचा की वाटायचं आता थांबतो. मी सुटीवर आलेले. तुम्ही म्हणालात, पाटी लिही. मी कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सर्व ग्राहकांना नम्रतापूर्वक कळविण्यात येते की'. तुम्ही धोतराच्या सोग्यानं ती सगळी पुसलीत.

"हे काय तहसीलदाराचं लिहिलं? सीधं लिही. पट्टा जुना हाय. चक्की हळू हाय. घाई असन तर बाजूच्या मालेगावले जा."

आणि ज्यांना वाचता येत नव्हतं, म्हणजे बहुतेक सगळ्याच बाया, त्यांना तुम्ही तोंडानं सांगत होतात. डोक्यावरची टोपली उतरवायच्या आधीच. "बाई, आज येळ लागन. थांबत असशील तं थांब." काही थांबायच्या, काही शिव्या घालत टोपली पुन्हा चढवायच्या. आई आतून यायची, हात पिठात, आणि तोंड सुटलेलं.

"गिऱ्हाईकाले हाकलून कायले राह्यले तुमी? तिले काय समजते पट्टा न फट्टा? बसली असती मुकाट्यानं!"

"बसली असती. न घरी जाऊन नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या असत्या. तिले वाटलं असतं तिलेच उशीर झाला," तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा इंजिनाकडे वळलात.

हे तेव्हा मला नुसतं भांडण वाटलं होतं. आता त्या एसटीत, मांडीवर तो फोन घेऊन बसलेली मी, तिलेच वाटलं असतं, तिलेच वाटलं असतं, असं घोकत होते. मला फोन हळू केल्याचा राग नाही. तुम्हीही चक्की हळू केली होतीत, करणं भागच होतं. मला राग आहे तो ह्याचा की महिनोन् महिने मी माझ्याच डोक्याची तपासणी करत बसले, मुलानं केली, सुनेनं केली, खोलीला रंग लागला, आणि एका ओळीनं सांगून टाकता येईल अशी गोष्ट त्या कंपनीनं सात पडद्यांआड ठेवली.

घरी पोचल्याबरोबर मुलाला लँडलाइनवरून फोन केला. "फोन हळू केला होता. मी नाही झाले."

"अगं हो, करतात कंपन्या तसं. जुन्या मॉडेलचं होतंच ते."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक असतं गं."

"मला नव्हतं."

"तुला कशाला उगाच डोक्याला ताप? आणि आई, मुद्दा फोनचा नाहीये."

"मुद्दा फोनचाच होता. तूच म्हणालास, मी नुसती बघत राहते."

तो म्हणाला, "बरं. बॅटरी बदलून घे. होळीपर्यंत बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला विचारा. मी जन्मभर लोकांना 'बघू' सांगितलं आहे. आता माझंच प्रकरण चालू आहे. फोन वाजला की मी भाजी अर्धवट टाकून धावते. मेसेज आला की लगेच उत्तर, वर एक हसरं तोंड. पूर्वी उशीर झाला तर फोनवर तरी ढकलता आला असता. आता तो पाण्यासारखा चालतो आणि उशीर झाला तर तो माझाच. नवी बॅटरी घालून मी माझी शेवटची सबब स्वतःच्या हातानं काढून दिली. सून विचारते, आई, आज जेवलात का, काय केलं होतं. मी आधी ठरवून ठेवते काय केलं होतं.

हे मी पाकिटात घालणार नाही. घातलं तर पत्ता मुलाचाच लिहावा लागेल, कारण माझी पत्रं उघडणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि त्यानं हे वाचलेलं मला परवडणार नाही. कारण एक गोष्ट आहे.

बॅटरी मागवावी लागली होती, ती बसवायला मी पुन्हा अकोल्याला गेले. फोन झाला, चांगला झाला, त्या पोरीनंही माझ्यासमोर चालवून दाखवला. परतताना एसटी मेडशीला थांबली आणि मी पिशवी घेऊन उतरले. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "काकू, वाशीमचं तिकीट हाय तुमचं, इथं कायले उतरून राह्यल्या?" मी त्याला ठणकावलं, "माझं गाव आहे हे. कुठं उतरायचं ते मला शिकवू नको." एसटी गेली. मी झपाझप चालत निघाले. सुटी लागली आहे, होस्टेलमधून आले आहे, तुम्ही दारातच असाल, असं काहीतरी इतकं सहज डोक्यात होतं की त्यात मला खटकण्यासारखं काही दिसलंच नाही. मी आवाज ऐकायला कान दिला, आज हळू चालतेय की जोरात. गोदामाचं शटर समोर आलं तेव्हा मी थांबले.

परत स्टँडवर येऊन बाकावर बसले. फोन वाजला. पहिल्या रिंगला उचलला गेला, तोंड लगेच दिसलं, अगदी स्वच्छ.

"आई, अजून पोचली नाहीस? कुठे आहेस?"

तुमची पाटी माझ्या हातात होती, बाबा, खडूही होता, सीधं लिहायचं तेवढं होतं. मी म्हटलं, "बस उशिरा आहे."

"बरं," तो म्हणाला. "फोन मस्त चालतोय गं आता."