त्या रविवारी रश्श्यात मासा नव्हता

प्रिय कोफी,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुला वाचता येणार नाही. बावीस वर्षांच्या संसारात तू मराठी शिकलास ती एवढीच: ‘चहा?’, ‘बस झालं’ आणि ‘बाबा, गुडघे कसे आहेत?’ पण इंग्रजीत हे मला लिहिता येत नाही. इंग्रजीत मी फार समजूतदार होते, आणि आज मला समजूतदारपणा करायचा नाहीये.

येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होईल. पण लिहायला बसले ते त्यामुळे नाही, आपल्या लेकीमुळे. गेल्या रविवारी अबेना बर्मिंगहॅमहून युनिव्हर्सिटीतून घरी आली. बॅग हॉलमध्ये टाकली, बागेतल्या शेडमधून तुझं मोठं पातेलं आणलं आणि सरळ माझ्या शेगडीवर ठेवलं. मला विचारलंही नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, तू डॅडला नाइन इयर्स शेडमध्ये कुक करायला लावला. इन द कोल्ड. व्हाय?”



तुला तो पहिला रविवार आठवतो? आठवत असणारच. माझी आई जाऊन दोन महिने झाले होते. बाबांना पुण्यात एकटं ठेववेना म्हणून मी त्यांना इथे, नॉटिंगहॅमला घेऊन आले होते. ते धड बोलत नव्हते, धड जेवत नव्हते. तू म्हणालास, आमच्या गावी, कुमासीत, रविवारी जे करतात ते मी करतो, तेवढं नक्की त्यांच्या पोटात जाईल. शेंगदाण्याचा रस्सा आणि भाताचे गोळे.

सकाळपासून खपत होतास! बाबा शाकाहारी, म्हणून कोंबडी नाही. आणि ज्याच्याशिवाय रश्श्याला अर्थ नाही असं तू नेहमी म्हणायचास, तो धुरावलेला मासाही नाही. मशरूम घातलेस. टोमॅटो आणि पीनट बटर तेल सुटेपर्यंत ढवळत राहिलास. झणझणीत मिरची आख्खीच सोडलीस, आणि ती फुटू नये म्हणून पातेल्यापाशी पहारा देत बसलास. तेवढ्यात बाबा सोफ्यावरून मला काहीतरी म्हणाले. इथे आल्यापासून आपणहून काढलेलं ते त्यांचं पहिलं वाक्य. तू आतून ओरडून विचारलंस, काय म्हणतायत? मी म्हटलं, काही नाही.

मग तू भात अगदी गिच्च शिजवलास, लाकडी डावाने घोटलास आणि गार पाण्यात हात बुडवून त्याचे गोळे वळलेस. मी वर अबेनाच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. खाली असते तर तिथेच थांबवलं असतं तुला. मी जिना उतरून आले तोवर वाडगा बाबांपुढे गेला होता. रश्श्यात तीन गोळे. पांढरे, गोल, गुळगुळीत.

कोफी, ते पिंड होते! म्हणजे नव्हते, पण आमच्या डोळ्यांना दुसरं काही दिसणं शक्यच नाही. माणूस गेलं की आम्ही भाताचे असेच गोळे करून त्याच्या नावाने ठेवतो. जित्या माणसाच्या ताटात ते कधी वाढत नाहीत. आणि बाबांनी दोनच महिन्यांपूर्वी आईसाठी स्वतःच्या हातांनी ते वळले होते.

बाबा उठले. जिना चढून वर गेले.

तू हातात डाव घेऊन उभा होतास. काय झालं, म्हणून विचारलंस. आणि मी म्हणाले, “इट्स द स्मेल. त्यांना हा वास सहन होत नाही.”

का म्हणाले असेन? पिंडाचं सांगितलं तर तुला लागेल, दुःखातल्या माणसापुढे आपण मरण वाढलं असं वाटेल, म्हणून मी तुला जपलं. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. खरं सांगू? मला कंटाळा आला होता. तुला आमचं आणि आमच्या लोकांना तुझं समजावून सांगायचा कंटाळा. चटकन जे तोंडात आलं ते बोलून मोकळी झाले. बाबांचा वाडगा उचलला आणि बिनमध्ये रिकामा केला.

पुढच्याच शनिवारी तू कॅम्पिंगची शेगडी शेडमध्ये नेलीस. मला वाटलं, बाबा आहेत तोवर. बाबा सहा आठवड्यांनी परत गेले, शेगडी तिथेच राहिली. आणि मीही ती आत आण म्हटलं नाही. पुढे तू मासा घालून करायला लागलास तेव्हा खरंच वास यायचा, आणि माझे पडदे, माझा ऑफिसचा कोट स्वच्छ राहायचा. खोटं माझ्या सोयीचं झालं होतं. मैत्रिणींना मी कौतुकाने सांगायचे, आमच्या बागेत कोफीचं रेस्टॉरंट आहे! तूही हसायचास. हिवाळ्यात बोटं कापलेले हातमोजे घालून कांदा चिरायचास आणि हसायचास.

अबेना तिथे कोट घालून पालथ्या क्रेटवर बसायची. तुमच्या दोघांच्या गप्पा किचनपर्यंत ऐकू यायच्या. मग मी खिडकी लावून घ्यायचे. वास येतो, म्हणायचे.

पण मी तुझ्यावरही चिडलेय, कोफी. तू भांडला का नाहीस? डिशवॉशरमध्ये चमचे कसे लावायचे यावरून तास तास वाद घालणारा माणूस तू! घर तुझंही होतं. एकदा ते पातेलं आणून माझ्या शेगडीवर आदळलं असतंस, तर काय केलं असतं मी? आणि मग त्या दिवशी सकाळी शाळेत शिकवायला निघालास, ट्रॅमच्या स्टॉपवर बाकावर टेकलास, तो उठलाच नाहीस. मला एक शब्द बोलायला सवड दिली नाहीस. असं जातात का?

तर, गेल्या रविवारी मी अबेनाला तेच जुनं उत्तर दिलं. आजोबांना वास सहन झाला नव्हता.

ती ढवळायची थांबली. “आई, त्या दिवशी फिशच नव्हता. मशरूम होता. डॅडने मला सांगितला.”

मी ओटा पुसायला लागले.

“ही न्यू, आई. डॅडला माहीत होता तू खोटा बोलते. तो म्हणायचा, इट वॉजन्ट द फूड. आजोबा माझ्या हातून खाऊ शकत नाही. ओल्ड मॅन आहे, लेट इट बी.”

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. आणि त्या खोट्यामागे काय असेल, तेही तू एकट्यानेच ठरवून टाकलंस. माझ्या बापाला तुझ्या हातचं खायची किळस आली. काळ्या हातचं. बायको ते झाकतेय. हे मनात ठेवून तू शेडमध्ये गेलास! आणि हे मनात ठेवून दर रविवारी माझ्या हातातला फोन घेऊन बाबांना विचारत राहिलास, गुडघे कसे आहेत? नऊ वर्षं? हा कसला चांगुलपणा? मला घाण घाण शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं रे.

मी अबेनाला पिंडाचं सगळं सांगितलं. तिचे हात ओले होते, समोर वळलेले गोळे होते. तिने ते ऐकलं आणि म्हणाली, “दॅट्स इट? एवढाच? हे तू डॅडला सांगू शकली नाही?”

तिने स्वतःपुरतं वाढून घेतलं. माझं मी घेतलं. इतक्या वर्षांत मी तो गोळा पहिल्यांदा मोडला. मिरची तिच्याकडून फुटली होती, त्यामुळे दोघींच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. संध्याकाळच्या ट्रेनने ती गेली. पुन्हा कधी येणार, ते सांगितलं नाही.

सोमवारी मी पुण्याला फोन केला. “बाबा, तुम्ही त्या दिवशी ताटावरून का उठलात?” दहा वर्षांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

“अगं, ते गोळे बघितले आणि तुझ्या आईचे पिंड डोळ्यांपुढे आले,” बाबा म्हणाले. “रडू आवरेना. जावयासमोर कसं रडायचं? तोंड धुऊन खाली आलो, तर तू टेबल आवरून मोकळी. मला भूक लागली होती गं. पण कोफीने ते मला पुन्हा कधी वाढलंच नाही. मला आपलं वाटत राहिलं, मी उठलो त्याचा राग धरला त्याने. तू काय सांगितलं होतंस त्याला?”

मी म्हणाले, “काही नाही, बाबा. त्याला कळलं होतं सगळं.”

पुन्हा! पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाशी, तुझ्या फोटोसमोर उभी राहून, मी पुन्हा खोटं बोलले.

म्हणून हे लिहून ठेवतेय, मागे फिरता येऊ नये म्हणून. रविवारी मी तुझा रस्सा करीन. किचनमध्ये, मासा घालून, खिडक्या लावून. पडद्यांना लागायचा तेवढा वास लागू दे. गोळे वळीन. ते पिंड म्हणायचे की जेवण, हे मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवायचंही नाही. अबेनाला ये म्हणून कळवलंय. येईल न येईल, तिची मर्जी. आणि तू ज्या वेळी बाबांशी बोलायचास, बरोबर त्याच वेळी त्यांना फोन लावून सांगेन की कोफीने राग धरला नव्हता. तुमचं नाव पुढे करून मी त्याच्याशी खोटं बोलले, आणि तुम्हाला त्याची किळस येते असं समजून तो गेला. बाबा माझ्याशी बोलणं टाकतील कदाचित. टाकू देत. यावेळी मी माझं तोंड लपवणार नाही, एवढा शब्द देते.

आणि त्या दिवशी तू आतून विचारलं होतंस ना, बाबा काय म्हणतायत? ते म्हणाले होते, “मेधा, अगदी तुझ्या आईच्या दाण्याच्या आमटीचा वास येतोय.”

तुझी,
मेधा