गौरीची उलटी पावलं

चिंचवड, भाद्रपद, सन १९५५

तीर्थस्वरूप कुसुमवहिनींना ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. खोलीत आडवा झालो तर पाय दाराबाहेर जातात.) तुमची कंबर, दादांचा खोकला आणि तुमची धाकटी बहीण इंदू, सगळ्यांची खुशाली कळवा. क्रम कसाही चालेल, इंदू आधी असली तर बरं.

मी मजेत. पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललंय, तिथं साहेबाच्या हाताखाली मापं लिहितो. (कॉलेज सोडलं ते प्राध्यापकांशी भांडून. चूक त्यांची होती, पण तुमच्या आबांचं एकच, बी.ए. नाही त्याला इंदू नाही.) साहेब वेल्स मुलखाचा. इंग्रज म्हटलं की माझ्यासारखाच भडकतो, म्हणून आमचं जमलं. मागच्या आठवड्यात डबा खाताना त्यानं लेकीचा फोटो दाखवला. नाव ऑल्वेन, आजीचं ठेवलेलं, आपल्यासारखंच. अर्थ विचारला, तर शुभ्र पाऊलखूण. त्यांच्या जुन्या गोष्टीत त्या नावाची मुलगी चालली की पावलामागं पांढरी फुलं उमलायची म्हणे. दोन वर्षांत लेकीला पाहिलं नाही, एवढं बोलून त्यानं डबा झाकला. मग मीही माझा झाकला.

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या. घरमालकीण शालनबाईंनी चाळीतल्या प्रत्येक उंबऱ्यापर्यंत रांगोळीची पांढरी पावलं काढली, माझं दार तेवढं वगळून. मी तडक भांडायला गेलो, तर बाई म्हणाल्या, “एकट्या पुरुषाकडं गौर कशाला येईल? बसवाल कुठं, ट्रंकेवर?” डोकं फिरलं. रांगोळी आणली आणि दारापासून पुढं पुढं सरकत अंगणापर्यंत बावीस पावलं काढली, ऑल्वेनला आठवत. (खरं तर इंदूला. दादांना वाचून दाखवू नका.) उठून बघतो तर चाळ हसतेय. सगळ्या पावलांची बोटं अंगणाकडं! शेजारचे दत्तोबा म्हणाले, “राव, यायच्या आधीच घालवली व्हय?” मी अंगावर धावलो आणि अर्ध्यातून परतलो. गौर खरंच निघाली होती. ओल्या फडक्यानं बावीसच्या बावीस पुसली. घरोघर आरत्या चालल्या होत्या. मी ट्रंकेवर बसलो, गौरीच्या जागी.

आपला,
ज्योतीराम

ता. क. मार्गशीर्षात इंदूला बघायला कुणी वकील येणार असं कळलं. मला काय त्याचं! फक्त आबांना सांगा, मी पुन्हा कॉलेजात बसायला तयार आहे. प्राध्यापकांची माफी मागणारं पत्र सोबत जोडलंय, ते तुम्हीच टपालात टाका. माझ्याकडं राहिलं तर फाडीन.

आणखी ता. क. सांगायचं राहिलं. गौरी आल्या त्याच संध्याकाळी शालनबाई माझ्या उंबऱ्याशी एक पाऊल काढून गेल्या, आत येणारं. एकच का, विचारलं, तर म्हणाल्या, “पुढचं जिचं तिनं टाकावं.” तीन दिवस त्यावरून उडी मारून ये-जा करतोय. घोटा मुरगळलाय. उत्तर लवकर धाडा.