भिकाबाईचं गाठोडं

औंढा नागनाथ,
पौष, शके १८६५

प्रिय शालू,

भिकाबाई आबांना लुटून राहिली, हा तुझा निरोप मिळाला तसं दुकानाला कुलूप लावून मी बाळापूरची वाट धरली. सटवाजीकाकाही तेच सांगत होता, "एकट्या म्हाताऱ्याच्या घरात ती विधवा बाई काहून सारखी ये-जा करते?" मलाही ते पटलं होतं. आई गेल्यापासून ही शेजारीण आबांना भाकरी थापून देते, झाडलोट करते. पण फुकट कोण कुणासाठी राबतं?

घरात पाऊल टाकलं आणि खात्रीच झाली. पितळी तांब्या नाही, तुपाची बरणी नाही, आबांच्या अंगात फाटका सदरा. ते माझ्या कानाशी लागले, "ती मला जेवाया देत न्हाई रे. समदं नेऊन राहिली." ओसरीवर बसून तिच्यावर नजर ठेवली.

दुसऱ्या सकाळी ती पदराआड गाठोडं घेऊन मागच्या दारानं निघाली. मी मागावर. गावाचा पाणवठा सोडून ती पार खालच्या अंगाला ओढ्यात उतरली. "सोड ते गाठोडं!" मी ओरडलो. तिनं ते माझ्या पुढ्यात टाकलं. आत आबांची धोतरं होती, शालू. घाण झालेली.

"पाणवठ्यावर धुतली असती तर बाया हसल्या असत्या," ती म्हणाली. "लई मानाचा माणूस हाय त्यो."

मी मान खाली घालून परतलो, तरी मन मानेना. धोतरं खरी, पण मग तांब्या कुठं गेला? आता आबांकडेच बघत राहिलो. जेवून हात धुतले आणि लगेच पुन्हा ताट मागितलं. चुलीत जाळ केला नि तसाच टाकून गोठ्यात गेले. मागोमाग जाऊन पाहतो तर कडब्यात माझं उपरणं खुपसत होते. खाली तांब्या, बरणी, सगळं. "चोरांपासून जपून ठेवलंय," म्हणाले. मग माझ्याकडे टक लावून पाहत विचारलं, "तुमी कोन्या गावचे, पाव्हणं?"

बैलाचा नुसता दात बघून वय सांगणारे आपले आबा!

मागं त्यांना औंढ्याला आणलं होतं, तेव्हा पहिल्याच सकाळी घर सोडून चालू लागले. ओळखीचा गाडीवान भेटला म्हणून सापडले. त्यांना त्यांच्याच घरात ठेवायला हवं, आणि एकटं ठेवून आता चालायचं नाही.

म्हणून भिकाबाईला अंथरुणासकट बाळापूरच्या आपल्या घरात राहायला आणलंय. ती आधी नको म्हणाली, "लोकं नावं ठेवतील. तुमची बहीण तर आताच ठेवून राहिली." भिकाबाईचा डोळा आपल्या जमिनीवर आहे, असं काका पारावर बोलू लागलाय. खरं सांगू, ते ऐकून माझ्याही मनात पुन्हा पाल चुकचुकली. पण आबांची धोतरं कोण धुतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. काकाचा निरोप तुझ्याकडे येईलच. त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहितोय. संक्रांतीला ये. चार बायांदेखत पहिला तिळगूळ भिकाबाईच्या हातावर ठेव. आणि आबांनी तुलाच चोर म्हटलं, तर वाद घालू नकोस. जवळ बसून राहा.

तुझाच,
तातेदादा